नकट्या आणि मंडळी

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच लिहून देतो. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल. पण लिफ्ट बंद आहे, आपण सगळे दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलोय आणि वर चढायची घाई कोणालाच दिसत नाही. खालच्या मजल्यावरचे मास्तर आहेत, माझी सूनबाई आहे, ऑफिसची पिशवी मांडीवर घेऊन. लिफ्टवाल्याचे नुसते पाय दिसतायत, पण गेली पाच मिनिटं पाना वाजलेला नाही, म्हणजे तोही कान देऊन आहे.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. मांडीवर लाकडी बाहुला बसवायचा, आपले ओठ न हलवता त्याच्या तोंडून बोलायचं. शब्दभ्रम म्हणतात त्याला. ऐकायला सोपं वाटतं. आता ओठ न मिटता 'म' म्हणून बघा. काय मास्तर, नाही ना जमत? प, फ, ब, भ, म, ही आमच्या धंद्यातली पाच दुष्मन मंडळी. बाकीच्या चौघांना वाक्याच्या गर्दीत कसंही दडपून नेता येतं, पण 'म' वाक्याच्या तोंडाशीच उभा राहिला की पंचाईत. 'मी' म्हणायला जावं तर 'नी' होतं, आणि बाहुल्याला सर्दी झाल्यासारखं वाटतं. म्हणून माझ्या गुरुजींचा पहिला नियम: बाहुल्याने 'मी' म्हणायचं नाही. त्याने आपलं नाव घ्यायचं. तेही असं ठेवायचं की ओठाला ओठ लागणार नाही. म्हणून माझा बाहुला नकट्या. नकट्याला झोप आली, नकट्याला राग आला, नकट्या चालला घरी. चाळीस वर्षांत त्याने एकदाही स्वतःला 'मी' म्हटलं नाही.

बाहेरच्या बोर्डावर काय असायचं, सांगू? 'नकट्या आणि मंडळी'. मंडळी म्हणजे मी एकटा. खेळ संपला की लोक विंगेत यायचे, नकट्याशी हात मिळवायचे आणि जाताना मला विचारायचे, दरवाजा कुठल्या बाजूला आहे. मी दाखवायचो. त्याचं वाईट वाटत नव्हतं असं म्हटलं तर ते मात्र खोटं होईल. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी नकट्याला ओलांडून मला शोधत यावं, एवढीच इच्छा होती. ती राहून गेली आणि खालची कवळी आली. कवळी घातल्यापासून नकट्या बोलता बोलता शीळ घालायला लागला. मग तीन वर्षं नकट्याची पेटी उघडली ती फक्त वाळवी लागली का बघायला.

तेवढ्यात ते नवं सभागृह तयार झालं. उद्घाटनाच्या आठवड्यात जुन्या कलाकारांना बोलावणार होते. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. त्यात नाव, वय, कला आणि चौथ्या रकान्यात वेबसाइट. चौथा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकतच नाही, लाल होऊन बसतो.

सूनबाईचं ते रोजचंच काम. दातांचे डॉक्टर, वकील, कुत्र्यांना शिस्त लावणारे, सगळ्यांच्या वेबसाइट ती बनवते. ती म्हणाली, होऊन जाईल बाबा, चित्रं मी टाकते, तुम्ही फक्त सांगा, 'मी' लिहायचं की 'ते'? मला काही कळेना. तिने दहा-बारा कलाकारांची पानं उघडून दाखवली. काहींनी लिहिलं होतं, मी लहानपणापासून गातो, मी नाचतो. काहींनी लिहिलं होतं, ते लहानपणापासून गातात. 'मी' लिहिलं की माणूस जवळचा वाटतो, 'ते' लिहिलं की मोठा वाटतो, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, हे 'ते' कोण लिहून देतं? ती म्हणाली, तेच लिहितात. म्हणजे एवढी नावाजलेली माणसं घरी चड्डी-बनियनवर बसून स्वतःला अहो-जाहो करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी ठरवलं, आपल्याला जवळचं वाटायचंय. रेघांची वही घेतली, जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि लिहिलं, 'मी चाळीस वर्षं'. इथे जो थांबलो तो चार दिवस थांबलो. चाळीस वर्षं मी काय केलं? स्टेजवर माझी वाक्यं तीन. काय रे नकट्या? असं का बरं? मग पुढे? उत्तरं सगळी त्याची, हशा त्याचा, टाळ्या त्याच्या. चौथ्या दिवशी वहीत एक वाक्य पूर्ण झालं: 'मी चाळीस वर्षं नकट्याला प्रश्न विचारत आलो आहे.' सूनबाईने वाचलं आणि शांतपणे म्हणाली, बाबा, हा स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसाठी अर्ज वाटतो.

मग 'ते' धरलं. आणि काय सांगू, नळ सुटल्यासारखं आलं. त्यांनी चार दशकं रसिकांच्या मनावर राज्य केलं. ते कलेशी एकनिष्ठ राहिले. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ होता. हा 'होता' माझा नव्हे, तो आपल्या पायाने आला. तसली वाक्यं आपण एकाच जागी वाचतो, पेपरच्या आतल्या पानावर, चौकोनी फोटोखाली. सूनबाईने ते मुलाला वाचायला पाठवलं. मुलाचा ऑफिसातून फोन. आवाज जड. कुठल्या हॉस्पिटलमध्ये नेलंय, विचारत होता. मी म्हटलं, कुठे नाही, चहा पितोय. त्यानंतर त्याने वीस मिनिटं माझी खरडपट्टी काढली. मुलगा माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. 'ते' लिहिण्याचा तेवढा एक फायदा.

अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार. गुरुवारी दुपारपर्यंत पान कोरंच. शेवटी मी पेटी उघडली, नकट्याला मांडीवर घेतलं, पाठीतली कळ दाबून बघितली. जबडा जरा करकरला, पण चालला. सूनबाईला म्हटलं, हा सांगेल ते टाइप कर. आणि नकट्या सुटला. 'नकट्याच्या जोडीला एक थेरडा आहे. थेरड्याने नकट्याला धरलंय असं दिसतं, खरं तर नकट्यानेच थेरड्याला सांगाड्यासकट धरून ठेवलंय. याला एकही उत्तर येत नाही, सगळी नकट्या देतो. याचे दात ग्लासात असतात, नकट्याचे जागच्या जागी.' असं तासभर. सूनबाईच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी. तिने एक अक्षर न बदलता ते चढवलं. मीही खूश. आपल्या तोंडाने आपली स्तुती नको, दुसऱ्याच्या तोंडाने तर अजिबातच नको, शिव्या मात्र मोकळेपणी घालून घेतल्या.

सोमवारी सभागृहाच्या मॅनेजरचा फोन. "नकट्यासाहेब आहेत का?"

मी म्हटलं, आहेत, पेटीत आहेत. तो बिचारा थट्टेवारी न्यायच्या मनःस्थितीत नव्हता. म्हणाला, पान फार आवडलं, निवड पक्की, पत्र पाठवतो. पत्र आलं. कलाकार: नकट्या. शनिवार, संध्याकाळी सहा. पंचेचाळीस मिनिटं. एक खुर्ची, एक माइक, पाण्याची एक बाटली. मी पत्र उलटून मागची बाजूही बघितली. मग फोन केला आणि म्हटलं, अहो, सोबत मीही असतो. मॅनेजरने आमचं पान उघडलं असावं, कारण बोटांचा टकटक आवाज आला. मग तो म्हणाला, "हो, थेरड्याचा उल्लेख आहे खरा. ते सामान उचलायला असतात का?"

माझ्याच घरात, माझ्याच आवाजात लिहून दिलेलं. हो म्हटलं आणि फोन ठेवला.

गुरुवारी सभागृहावरून चक्कर मारून आलो. भला मोठा बोर्ड लागला होता. नुसतं 'नकट्या'. चाळीस वर्षांची मंडळीसुद्धा गेली. घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, ते पान बदल, 'मी' कर. ती म्हणाली, पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही लिहून द्या. पुन्हा वही, पुन्हा टेबल, पुन्हा 'मी चाळीस वर्षं'. सूनबाई रात्रीचं जेवण वाढायला आली तेव्हा तिने वही अलगद बाजूला सरकवली आणि ताट ठेवलं.

इथपर्यंतचं सगळं साधं आहे, तुम्ही मानही डोलावताय. आता पुढचं ऐका.

शनिवारी सव्वापाचला आम्ही सभागृहाच्या मागच्या दाराशी. दारावर गार्ड, हातात कार्डांचा गठ्ठा. त्याने यादी बघितली आणि एकच कार्ड काढलं. निळ्या फितीचं. 'कलाकार – नकट्या'. मी म्हटलं, आणि माझं? तो म्हणाला, सामान उचलणाऱ्याला कार्ड नसतं, कार्ड नाही तर आत जायचं नाही. मी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. चाळीस वर्षं दरवाजे दाखवणाऱ्या माणसाला दरवाज्याचे नियम कळतात. मी पेटी उघडली, नकट्याच्या गळ्यात कार्ड अडकवलं. गार्डने त्याला सलाम ठोकला, दोन्ही हातांवर घेतला आणि आत नेऊन खुर्चीवर बसवला. दार बंद.

मी बाहेर, मागच्या पायऱ्यांवर. दाराच्या वर एक लाउडस्पीकर होता, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. मी खिशातून खारे दाणे काढले आणि खात बसलो.

सहा वाजले. टाळ्या झाल्या. मग काहीच नाही. मिनिटभर नुसतं खोकणं, खुर्च्यांची कुरकुर. मला वाटलं, संपलं, लाकूडच ते, त्याच्या पाठीत हात नाही की काही नाही. आत मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. आणि तेवढ्यात लाउडस्पीकरमधून आवाज आला.

"मी."

अख्खा 'म'. ओठाला ओठ लागून सुटलेला. शीळ नाही, सर्दी नाही. माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. त्याने तो शब्द पुन्हा म्हटला, जरा चव घेतल्यासारखा. मग म्हणाला, "मी कोण, हे तुम्हाला सांगता येणार नाही. चाळीस वर्षं तुम्ही शेजारच्याचंच नाव घेऊन हसलात. मी जवळच बसलेला होतो. तक्रार नाही. पण आज खुर्ची एकच आहे, तेव्हा माझ्याकडेच बघावं लागेल."

लोक हसले. आणि मग गडी थांबेना. पहिल्या खेळात दोरी तुटून जबडा उघडाच राहिला आणि अर्धा तास सगळा खेळ जांभईवर रेटला, ते सांगितलं. गुरुजी आरशासमोर बसवायचे आणि ओठ हलले की पट्टी मारायचे, ते सांगितलं. एका गावी कोणी आलंच नाही, तर रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळ पूर्ण केला, कारण पडदा ओढणारा बघत होता, तेही सांगितलं. हे शेवटचं मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. पंचेचाळीस मिनिटांची सत्तर झाली, मॅनेजरने दिवे घालवले नाहीत. शेवटी टाळ्या अशा की दार थरथरत होतं. आणि मी बाहेर, पायरीवर, खारे दाणे खात.

मास्तर, तुम्ही मघापासून काहीतरी विचारू बघताय. पाठीत हात नव्हता तर तोंड हललं कसं? मला काय माहीत, मी बाहेर होतो. मला जे ऐकू आलं तेवढं सांगतोय. एक लाकडी बाहुला, गळ्यात निळं कार्ड, सत्तर मिनिटं 'मी, मी' करत होता आणि लोक उभे राहून—

"साफ खोटं, बाबा," सूनबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "पायरीवर पेटी घेऊन मी बसले होते. नकट्या पेटीतच होता. कार्ड तुम्ही स्वतःच्या गळ्यात घातलंत आणि एकटेच आत गेलात."