रूपाबाईच्या बरण्या

जानेवारीतल्या एका सकाळी करुणानं रूपाबाईच्या रांजणात बॅटरी मारली, तर पाण्यात अळ्या वळवळताना दिसल्या. करुणा ही साखरा गावाजवळच्या त्या तांड्याची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

"आठ दिवसांत ह्यांचे डास होतेत, मावशी. रांजण रिकामा करा."

"काहून? ईहिरीवरून पाणी मी आणते का तू?" रूपाबाई उखडली. "हिवाळ्यात मी पंधरा दिवसांनी घासते. एक डास दिसला न्हाई."

करुणानं अगदी बारीक अळ्या काचेच्या बरणीत घेतल्या आणि तोंडाला फडकं बांधलं. "आठ दिवस बघा मग."

थंडी कडाक्याची पडली होती. आठव्या दिवशीही बरणीत अळ्याच होत्या. सगळा तांडा हसला. रूपाबाईचे मालक धर्मसिंग म्हणाले, "ताई, त्यांना एखादं स्वेटर द्या."

करुणा ओशाळली. पण खोटं रेटणाऱ्यातली ती नव्हती. तिनं आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गाठलं, विचारून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी परत आली.

"मावशी, तुमचंच बराबर हाय. थंडीत अळी लई दिवस लावते. मी नुसतं पाठ केलेलं बोलत होते. पण ऊन वाढलं की त्या भरभर वाढतेत."

भांडायला कंबर कसून बसलेली रूपाबाई उठली. तिनं चहा टाकला. "मार्चात मीच बरणी भरते," ती म्हणाली.

मार्चात तिनं अळ्यांच्या दोन बरण्या भरल्या. एक घरात रांजणाजवळ ठेवली, दुसरी पत्र्यावर, भर उन्हात. रोज उठून आधी बरण्या बघायची, मग चूल पेटवायची. पत्र्यावरच्या अळ्या दोनच दिवसांत मरून तळाशी बसल्या. आणि सातव्या दिवशी सकाळी ती तांडाभर ऐकू जाईल अशी ओरडली, "करुणे, ये गं! डास झाले!"

घरातल्या बरणीत फडक्याखाली तीन डास भिरभिरत होते. धर्मसिंगांनी गाठ सोडायला हात घातला, तसा तिनं तो झटकला. "सोडू नका, घरभर होतीन!"

करुणा धावत आली.

"हे बघ," रूपाबाई म्हणाली, "त्यांना गार चालत न्हाई, कढत बी न्हाई. माझा सावलीतला रांजण बराबर जमला त्यांना."

तिनं रांजणातलं पाणी भाजीच्या वाफ्यात ओतलं आणि नारळाच्या शेंडीनं रांजण आतून खसाखसा घासला. मग पदर खोचून करुणाबरोबर शेजारच्या गोजरबाईकडे निघाली.

"आठ दिवसाला घासायचा. मी डोळ्यानं पाहिलं."

"अन् हिवाळ्यात?" गोजरबाईनं विचारलं.

करुणा काही बोलणार, तोच रूपाबाई म्हणाली, "तवा बी घासायचा. औंदाच्यासारखी थंडी दरसाली पडंल, असं कुणी लिहून दिलंय का?"