मल्हारीच्या समासातली पेन्सिल

१९८८ साली आमच्या गारखेड्याच्या वाचनालयात संगणक आला आणि अध्यक्ष सर्जेरावांना अक्कल पाजळायला आणखी एक जागा मिळाली. वाळूजला त्यांचा नट-बोल्टांचा कारखाना. छापील पुस्तकांचे दिवस भरले, असं ते येईल त्याला ऐकवत. संगणकाच्या खोलीला एसी, दाराशी चपला काढायच्या. दहा वर्षांपूर्वी नामांतराच्या दंगलीत संचारबंदी दोन तास उठली की लोक दुधाआधी पुस्तक बदलायला इथे धावत. तेव्हा त्यांच्यासाठी साधा पंखा घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

उद्घाटनाआधी मोजणीसाठी मी, म्हणजे ग्रंथपालाने, सगळी पुस्तकं परत मागवली. पुंडलिकनगरच्या बानाबाईंकडे मेंढ्यांच्या रोगांवरचं एक पुस्तक कायम असायचं. दर पंधरवड्याला त्या यायच्या, शिक्का मारून तेच पुस्तक परत न्यायच्या. कुठल्या रोगाला कुठला पाला लागू पडला, ते त्यांचा नवरा मल्हारी समासात पेन्सिलीने लिहून गेला होता. त्याच्या हातचं दुसरं अक्षर घरात नव्हतं. त्या पुस्तक सोडेनात. मोजून झालं की तुमचंच आहे, असं मी म्हणालो, तेव्हा कुठे दिलं.

राहत नावाच्या ऑपरेटरने महिनाभर पुस्तकांची नावं संगणकात भरली. सर्जेरावांना वाटलं, पुस्तकंच आत गेली. माल काढून घेतला की पोतं फेकायचं, एवढीच त्यांची समज. त्यांनी रद्दीवाल्याचा टेम्पो बोलावला. आत नुसती नावं आहेत, असं मी एकदा सांगितलं. तुम्हाला यातलं काय कळतं, म्हणाले. पुस्तकांनी भरलेला टेम्पो निघून गेला, मी आडवा आलो नाही. नोकरी प्यारी होती.

उद्घाटनाला पाहुण्यांसमोर सर्जेरावांनी बानाबाईंनाच पुढे बोलावलं. बाईंनी चपला काढल्या, पुस्तकाचं नाव सांगितलं. राहतने कळ दाबली. पडद्यावर नाव आणि क्रमांक उमटला. टाळ्या पडल्या.

"आता मल्हारीनं लिव्हलेलं दावा," बानाबाई म्हणाल्या.

राहत खाली बघू लागला. पुढचं पान काढ, म्हणून सर्जेराव त्याच्यावर खेकसले. त्याने कळ दाबली, तर पुढच्या पुस्तकाचं नाव आलं. एसीत बसून अध्यक्षांना घाम फुटला. मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

मग बानाबाई माझ्याकडे वळल्या.

"सायेब, तुमी म्हनलात म्हून दिलं व्हतं."

माझी मौज तिथेच संपली. राहतने मागची कळ दाबली. त्यांच्या पुस्तकाच्या नावापुढे 'उपलब्ध' असं लिहिलेलं होतं. ती यादी तपासून खाली सही मीच केली होती.