बंद खोलीतली हवा

"फट राहिली तर काय उपयोग नाय," काशीराम म्हणाला.

सगुणाने जुन्या लुगड्याची आणखी एक चिंधी घेतली आणि सुरीच्या टोकाने खिडकीच्या चौकटीत कोंबली. पलंगावर बसून तिची सासू सोनूबाई हे काम बघत होती. एक चिंधी जराशी बाहेर लोंबत होती, तीही तिने बोट दाखवून आत सारायला लावली.

कोपऱ्यात पाटावर यंत्र ठेवलं होतं. काशीराम मालवाहू बोटीवर खलाशी होता. या खेपेला त्याने आईच्या दम्यासाठी सिंगापूरहून हवा साफ करायचं हे यंत्र आणलं होतं. तिथल्या दुकानात दोन तऱ्हा होत्या म्हणे. एक लहान, नुसता गोड वास सोडणारं, म्हणजे माणसाला उगाच वाटावं की खोली स्वच्छ झाली. दुसरं हे. आत पंखा, पंख्यापुढे धुऊन पुन्हा बसवायचा स्पंज, आणि त्याच्यामागे कागदाची जाड गाळणी. काळी झाली की काढून टाकायची आणि नवी घालायची. काशीरामने चार ठिकाणी विचारून मोठंच घेतलं. गाळण्याही जास्तीच्या आणल्या, कारण रत्नागिरीत तर सोडाच, मुंबईतही त्या मिळतील याची खात्री नव्हती. त्यांच्या गावात, पूर्णगडात, असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं. बघायला येणाऱ्यांना तो समजावून सांगे, की खोली बंद हवी. दारं-खिडक्या उघड्या टाकून हे लावायचं म्हणजे खाडी ओंजळीने उपसायची.

सगुणाने नवऱ्याला विचारलं, की आईंच्या खोलीत जो धूर जातो तो येतो कुठून? स्वयंपाकघरातून. मग तिथे भिंतीला धुराडं का पाडत नाही? हे ती पहिल्यांदा विचारत नव्हती. पाली गावातल्या तिच्या माहेरी स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. इथे चुलीपाशी दिवसा दिवा लावावा लागे. लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात तिला खोकला लागला, तो पुढे सुटलाच नाही. रात्री उशीवर तोंड दाबून ती खोकायची, कारण पलीकडून सासूचा आवाज येई, की दमा मला आहे आणि सोंगं ही करते.

धुराडं सोनूबाईला नको होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत चुलत दिरांच्या अंगणाकडे होती आणि त्यांच्याशी तिचं वर्षानुवर्षं हाडवैर. भिंतीला भोक पाडलं तर आपल्या तव्यावर काय पडतं ते त्यांना कळेल, आपला धूर त्यांच्या अंगणात गेला म्हणून ते पुन्हा भांडायला येतील, असं तिचं म्हणणं. शिवाय तिच्या सासूने याच धुरात रांधलं होतं आणि तिनेही रांधलं होतं. सुनेने काय वेगळं फुप्फुस आणलं होतं?

काशीराम म्हणाला, आई आहे तोवर आईच्या मनासारखं. चैत्र संपता संपता तो बोटीवर परत गेला. जाताना अंगणात उभं राहून त्याने सगुणाला बजावलं, की दार लावलेलं ठेवायचं, आत गर्दी होऊ द्यायची नाही, स्पंज वेळच्या वेळी धुवायचा. आईची जबाबदारी तुझ्यावर.

पहिल्यांदा स्पंज काढला तेव्हा तो काजळीने तेलकट झाला होता. विहिरीवर सगुणा तो साबणाने चोळत बसली आणि काळं पाणी वाहत गेलं. ते बघता बघता तिला स्वतःच्या छातीत हात घालून असंच काहीतरी पिळून काढावंसं वाटलं. स्पंज अजून धुतच होती, तेवढ्यात सोनूबाई पाठीमागे येऊन उभी राहिली. सून मुद्दाम ओली लाकडं जाळते आणि मुलाने आणलेली वस्तू खराब करते, असं ती विहिरीवरच्या चार बायांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. दुसऱ्या दिवशी तिने हुकूम सोडला, की आजपासून घरात चूल पेटणार नाही. मागीलदारी लाकडांची खोप आहे, तिथे रांध.

ती शिक्षा होती. सगुणाने खोपीतली लाकडं एका बाजूला रचली, मातीची चूल घातली, वर झावळ्या आणि त्यांच्यावर प्लास्टिक बांधलं. तिन्ही बाजू मोकळ्या होत्या. वारा खाडीवरून यायचा आणि धूर माडांमधून निघून जायचा. महिन्याभरात तिचा खोकला कमी झाला. एका सकाळी चुलीपाशी बसून भाकरी थापताना तिच्या ध्यानात आलं, की आपण उठल्यापासून एकदाही खोकलो नाही. तिला आनंद झाला नाही. तिला राग आला. एवढीशीच गोष्ट होती आणि ती तिला कुणी दिली नव्हती.

त्या रागातूनच पुढचं सगळं झालं.

सोनूबाईकडे दुपारी शेजारच्या बाया येऊन बसायच्या. पान व्हायचं, तव्यावर मिशरी भाजली जायची, गावातली बातमी तिथूनच पुढे जायची. सगुणाने त्यांना पायरीवर अडवायला सुरुवात केली. पायाबरोबर धूळ येते, मिशरीचा धूर होतो, यंत्र खराब झालं तर आईंचा लेक मला विचारील. बोलणं खोटं नव्हतं. काशीरामने हेच सांगितलं होतं. दोन-तीनदा तोंडावर दार लागल्यावर बाया यायच्या थांबल्या. मग त्यांतली जनी, जिचं घर बांधालाच लागून होतं, ती मागीलदारी सगुणाकडे येऊन बसू लागली. तिच्या मागून आणखी एक-दोघी आल्या. खोपीत हसणं-खिदळणं व्हायचं. सोनूबाईला आतून आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत, कारण यंत्राची घरघर मध्ये असायची.

सोनूबाई हाका मारी. सगुणा उशिराने जाई आणि म्हणे, यंत्रामुळे ऐकू आलं नाही. सोनूबाई दार उघडून बसली की सगुणा येता-जाता ते ओढून घेई. माजघरातून सगळं घर चालवणारी बाई बघता बघता एका खोलीतली झाली. कुठली भाजी, कुणाला काय द्यायचं, गुरांना कुणी पाणी पाजायचं, सगळं तिच्यावाचून होऊ लागलं. दमा थोडा उतरला होता, हे खरं. पण तिचं जेवण तुटलं.

एकदा ताट न्यायला सगुणा आत गेली तेव्हा सोनूबाई म्हणाली, "तू मला कोंडलंस."

"तुमच्या लेकाने सांगितलंय तसं करतंय. मी नुसतं दार लावतंय."

"मी मरायची वाट बघतंस."

सगुणाने ताट उचललं, बाहेर आली आणि दार लावून घेतलं.

आषाढात वादळी पाऊस झाला, खांब पडले आणि गावातली वीज गेली. यंत्र थांबलं. चिंध्यांनी बुजवलेल्या त्या खोलीत भर दुपारी अंधार असायचा, म्हणून सगुणाने आत कंदील लावून दिला आणि सवयीने दार ओढून घेतलं. दार पावसाने फुगलं होतं. ते घट्ट बसलं.

त्या दुपारी ती खोपीत सुकट भाजत होती. जनी शेजारी बसली होती. आतून काठीने भिंत ठोकल्याचा आवाज आला. जनीने मान वर केली. सगुणा म्हणाली, जेवायची वेळ झाली की त्या अशाच वाजवतात. सुकट भाजून झाली, तिने भात उतरवला, जनीला वाटीत कालवण दिलं. तोवर ठोकणं थांबलं होतं.

ताट घेऊन ती गेली आणि खांद्याने दार ढकललं, तर आतून घासलेटाच्या धुराचा भपकारा आला. कंदिलाची काच काळी झाली होती आणि वात फडफडत होती. सोनूबाई पलंगावर नव्हती. खिडकीखाली ती गुडघ्यांवर बसली होती, चौकटीला तोंड लावून. नखांनी उकरून तिने चिंधीचा एक तुकडा बाहेर काढला होता आणि बोटभर फटीतून ती हवा ओढत होती. नखांतून रक्त आलं होतं.

सगुणाच्या हातातलं ताट पडलं. तिने कंदील विझवला, सुरी आणून चिंध्या उपसल्या, मुठीने खिडकीवर घाव घातले तेव्हा ती उघडली. पावसाची झड सरळ दोघींच्या तोंडावर आली. सगुणा सासूला मागून धरू गेली. सोनूबाईने कोपराने तिला ढकललं. बराच वेळ तिला बोलता येईना. बोलता आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली,

"ठोकलेलं ऐकलंस तू."

"ऐकलं," सगुणा म्हणाली.

खोटं बोलणं शक्य होतं, पण तिची जीभ वळली नाही. सासूकडे न बघता ती खाली सांडलेला भात गोळा करू लागली.

त्यानंतर सोनूबाई त्या खोलीत झोपली नाही. पडवीत तिने स्वतःच चटई नेऊन टाकली. वीज आली तरी यंत्र कुणी लावलं नाही. दम्याने ती पुन्हा धापा टाकू लागली. रात्र रात्र उशीला टेकून बसून काढी. सगुणा गरम पाणी नेऊन ठेवी. कधी ती ते पीत असे, कधी तसंच अंगणात ओती. पाऊस उघडल्यावर सगुणाने धोंडू गवंड्याला बोलावलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला धुराडं पाडून घेतलं. जांभ्याचे तुकडे अंगणात पडत होते तेव्हा सोनूबाई पडवीत बसून ऐकत होती. ती नको म्हणाली नाही. बरं झालं, असंही म्हणाली नाही. दोघींत आता भांडणही होत नव्हतं. आधीची शिवीगाळ त्यापेक्षा बरी होती, असं सगुणाला वाटे.

थंडी पडल्यावर काशीराम आला. पडवीत आईला धापा टाकताना पाहून त्याने आधी यंत्राची चौकशी केली. ते खोलीत गोणपाटाखाली होतं. जास्तीच्या गाळण्या कागदातून काढल्याही नव्हत्या. त्याचा चेहरा बदलला. एवढं लांबून आणलेली वस्तू बंद का, आई बाहेर गारठ्यात का, असं त्याने बायकोला दरडावून विचारलं. सगुणा उंबऱ्यात उभी होती. काय होईल ते होवो म्हणून ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली.

सोनूबाई पेज जेवत होती. घास गिळून, श्वास घेऊन ती म्हणाली, "मी बंद केलं. डोक्याशी घरघर करत होतं. तिला काय विचारतोस?"

काशीराम काहीतरी पुटपुटत आत गेला. सगुणाचे डोळे भरून आले. ती पुढे झाली आणि सासूचं ताट उचलायला वाकली. सोनूबाईने ताटाची कड धरली. दोघींचे हात क्षणभर त्या एका ताटावर होते.

"राहू दे," सोनूबाई म्हणाली.

खांबाला धरून ती उठली. एका हातात ताट, दुसरा हात भिंतीला, असं थांबत थांबत ती मागीलदारी गेली. न्हाणीच्या दगडापाशी बसली, दम आवरला, चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि आपलं ताट आपण घासलं. पुढे जिवंत होती तोवर ते तिने सुनेला घासू दिलं नाही.