अकरा बशा पोहे

ऑपरेशनच्या खोलीला हे भलंमोठं कुलूप! आणि सरकारी दवाखान्याच्या दारात तालुक्याचे साहेब, तोंडात साखर घोळवत सांगतायत, "वरून निधी कापलाय. शिबिर रद्द. पुढच्या वर्षी बघू."

बघू म्हणे! यांच्या बापाचं काय जातंय बघायला?

मूल बंद करायच्या ऑपरेशनसाठी गावातल्या अकरा बाया काल रात्रीपासून उपाशी होत्या. पाण्याचा थेंबसुद्धा घेऊ नका, असं शिस्टर ज्ञानेश्वरीनं बजावलं होतं. त्यात कडूबाईची सून जया. पदरात तीन लेकरं, तिसरं तर उसाच्या फडातच, पाचटावर झालेलं. पंधरा दिवसांनी ऊसतोडीला न्यायला टोळीचा ट्रक येणार, मग सहा महिने कोयता. ऑपरेशन व्हायचं तर आजच.

"पुढल्या वर्षापतुर हिच्या पोटात चौथं आसंल," कडूबाई म्हणाली. "ते तुमी सांभाळनार का, सायेब?"

"मग खाजगीत जा ना, आजी."

खाजगीत! कडूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या वेळीही असंच शिबिर बुडालं होतं. टोळीच्या मुकादमानं खाजगी डॉक्टर दाखवला, डॉक्टरनं कॅन्सरचं भ्या घातलं आणि सव्विसाव्या वर्षी तिची गर्भपिशवीच काढून टाकली. तेव्हापासून बाई कंबर धरून उठते, कंबर धरून बसते. सुनेचं तसं ती होऊ देणार नव्हती, मेली तरी.

तिनं दारातच फतकल मारली. "बसा गं. डाक्टर आल्याबिगर उठायचं न्हाई."

अकराही जणी बसल्या. साहेबांना घाम फुटला. "अहो, उपोषणाला परवानगी लागते!"

"कसलं उपोषण? तुमच्याच शिस्टरनं उपाशी या म्हनून सांगितलं. आमी आपलं ऐकलं."

मग साहेबांनी पोहे मागवले. अकरा बशा, वर शेव, लिंबाची फोड. काय ती माया! शिस्टर बशा मांडता मांडता कडूबाईच्या कानाशी वाकली. "मावशी, कुणी खाल्लं तर आज ऑपरेशन होणार नाही. त्यांना तेच पाहिजे."

असं व्हय! तेवढ्यात जयाचा हात बशीकडे गेला. कडूबाईनं तो फाडकन झटकला.

"आत्या, डोळ्यापुढं अंधारी येतीया," जया रडायला लागली. "एकच घास..."

"मी तरी कुठं खाल्लंय? मला तर कोन कापनार बी न्हाई." कडूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि साहेबांवर डोळे वटारले. "ही हितं पडली ना सायेब, तर तुमच्या दारात पडंल. ध्यानात ठेवा."

साहेब फोन घेऊन मागच्या बाजूला गेले. सकाळपासून न लागणारा फोन बरोबर लागला. दोन वाजता तालुक्याहून डॉक्टरांची जीप आली.

"कुणी काही खाल्लंय?" डॉक्टरांनी विचारलं.

अकरा माना 'नाही' म्हणून हलल्या. शिस्टरनं कुलूप काढलं, सगळ्यांना सलाईन लावली आणि पहिलं नाव जयाचं पुकारलं.

दार लागल्यावर कडूबाईनं गार पोह्यांची बशी ओढली.

"झालं ना मनासारखं?" साहेब फणकारले. "पण आजच्यापुरतंच. पुढच्या वर्षी शिबिर नाही म्हणजे नाही."

कडूबाईनं घास गिळला. "पुढल्या वर्षी बी उपाशीच येऊ, सायेब. तुमी मातर जेवून या. लई येळ लागंल."