मी चिरई नदी, कागदोपत्री रस्ता

मित्रांनो, मी एक जुनी नदी आहे. हसू नका. मला पाहून लोकांना हसू येतं याची मला सवय आहे, पण माझी हकिकत संपेपर्यंत तरी आवरा.

माझं नाव चिरई. आमच्याकडच्या बोलीत चिरई म्हणजे चिमणी. चिमणीएवढी नदी म्हणून हे नाव पडलं, असं काही जण म्हणतात. चिमणीच्या अंघोळीपुरतंच पाणी असतं म्हणून पडलं, असंही काही जण म्हणतात. दोघेही माझे हितचिंतक आहेत.

माझा जन्म कुंडमच्या जंगलात, एका साजाच्या झाडाखाली, म्हशीच्या खुराएवढ्या खड्ड्यात झाला. मोठ्या नद्यांच्या उगमाशी कुंड असतं, देऊळ असतं, नारळवाला असतो. माझ्या उगमाशी म्हैस असते. ती पोटभर पाणी प्यायली की त्या दिवशी माझा उगम अर्धा मैल पुढे सरकतो. तिथून मी टेकड्यांमधून उतरते. वाटेत एक काळा कातळ आडवा येतो. मोठ्या नद्या कातळ फोडतात आणि लोक तो देखावा तिकीट काढून बघतात. मी कातळाला नमस्कार करून बाजूने जाते. भांडणाने कोणाचं भलं झालंय? पुढे पनागरची वाटाण्याची आणि भाजीची शेतं लागतात. रिछाईच्या कारखान्यांचे भोंगे ऐकू येतात तिथून मी मान वळवते आणि परियटला मिळते. परियट हिरनला मिळते, हिरन नर्मदेला. नर्मदेत पोचल्यावर मला कोणी नाव विचारत नाही. सगळे तिलाच हात जोडतात. मी आत बसून तो नमस्कार थोडासा आपल्याकडे वळवून घेते, एवढंच.

आता माझं एक गुपित. मी चार महिने वाहते आणि आठ महिने वाळूखाली राहते. लोक म्हणतात, चिरई आटली. मित्रांनो, मी आटत नाही, मी आत जाते. जेठ महिन्यात तुम्हीही दारंखिडक्या लावून आतच बसता. तेव्हा तुम्ही आटलात असं कोणी म्हणतं का? वाळूत हातभर झिरा खणा, म्हणजे लहानसा खड्डा करा. मी दार उघडते. काठावरच्या विहिरी माझ्याच जिवावर भरतात. इथला मटार लांबलांबच्या शहरांत जातो, लोक तो चाखून वा म्हणतात. गोडी माझी, नाव जबलपूरचं. मी कधी तक्रार केली नाही.

पण मग माझी मोजणी झाली.

मोजणी जेठात झाली, कारण पावसाळ्यात साहेबांचे बूट भिजतात. मोजणीवाले आले तेव्हा मी आत होते. वर कोरडी वाळू, वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि एक सायकलवाला. साहेबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि लिहिलं : रस्ता, कच्चा. आणि मी, अनेक पिढ्यांची नदी, एका ओळीत रस्ता झाले. माझ्यावर एक लहानसा पूल आहे. रस्त्यावरून जाणारा पूल म्हणून त्याची नोंद उड्डाणपूल अशी झाली. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

कच्चा रस्ता कागदावर आला की तो पक्का करायची योजना मागोमाग येतेच. तशी ती आली. पावसाळा सरला की पनागरजवळच्या दोन किलोमीटरवर, म्हणजे माझ्या अंगावर, सिमेंट काँक्रीट पडणार असं ठरलं. मित्रांनो, मला पहिल्यांदाच भीती वाटली. वाळूतून मी वर येऊ शकते. सिमेंटातून कशी येऊ? आणि मी आतच गुदमरले तर त्या विहिरींनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

माझ्या बाजूने अख्ख्या पनागरात एकच माणूस उभं राहिलं. त्यांचं नाव सरोजिनीबाई लेले. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी मुलांची रांग माझ्या काठावर आणून त्या मला छडीने दाखवत. त्यांचा आवाज असा, की वर्गातलं उदाहरण पलीकडच्या काठावरचे बैलही पाठ करत. त्यांनी अर्जावर अर्ज केले. उत्तर आलं, की अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता स्थळपाहणी होईल, ज्यांची हरकत असेल त्यांनी जागेवर येऊन ती तोंडी सांगावी.

"तोंडीच ना?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "मग झालंच काम."

त्यांचे यजमान भय्यासाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि घसा खाकरला. "अहो, त्या दिवशी गौरी येऊन राहिल्या."

हे लेल्यांचं घराणं मूळ कोकणातलं. कोण्या पणजोबांबरोबर मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलं. मुलुख सुटला, खड्याच्या गौरी सुटल्या नाहीत. भाद्रपदात घरच्या बाईने पाणवठ्यावर जायचं, पाच खडे वेचायचे, आणि त्याच गौरी म्हणून ताम्हनात घालून घरी आणायच्या. मात्र तोंडात पाण्याची चूळ धरून. उंबरठा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. सोबत एकाने घंटा वाजवत चालायचं. लेल्यांकडे घंटा भय्यासाहेब वाजवतात. बेचाळीस वर्षं वाजवतायत. वर्षातला तो एक तास त्यांना फार आवडतो.

खडे माझेच का, नर्मदेचे का नाही, असं तुम्ही विचाराल. सरोजिनीबाईंच्या सासूबाईंनी त्याचा निकाल कधीच लावून ठेवला होता. नर्मदेचा प्रत्येक गोटा म्हणजे शंकर. गौर येते माहेरपणाला. तिथे शंकराला कशाला आणायचं? बाईला चार दिवस निवांत बसू द्या. म्हणून खडे चिरईचे. माझ्या आयुष्यात नर्मदेपेक्षा मला वरचा नंबर मिळाला तो एवढाच.

"साहेब अकराला म्हणालेत म्हणजे दोनला येतील," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तोवर गौरी घरात. मग बघते त्यांच्याकडे."

गौरींच्या दिवशी सकाळी त्यांची जुनी विद्यार्थिनी जया हिचा कुंडमहून फोन आला. "दीदी, वीस दिवसांनी पाऊस आला! काल संध्याकाळी सहापासून नुसता कोसळून राहिला." सरोजिनीबाईंनी बोटं मोजली. कुंडमहून पनागरला यायला मला साडेसतरा तास लागतात. हा आकडा त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना घड्याळं देऊन काढलेला. म्हणजे मी पोचणार साडेअकराला. वीस दिवस पाऊस नसल्यामुळे वर तेव्हा कोरडी वाळूच होती. सरोजिनीबाई खूश झाल्या. साहेब दोनला येणार तेव्हा नदी आपली स्वतःच हजर असणार.

पावणेअकराला त्या माझ्यात उतरल्या. झिरा खणला. मी दार उघडलं. पाच खडे ताम्हनात ठेवले, घरच्या तांब्यातली चूळ तोंडात भरली, घराकडे तोंड केलं, भय्यासाहेबांनी घंटा हलवली, आणि वाळूतून धूळ उडवत एक जीप येऊन समोर उभी राहिली.

अकरा वाजले होते. मित्रांनो, सरकारी साहेब वेळेवर आले. माझी हकिकत तुम्हाला खोटी वाटणार असेल तर इथेच वाटेल, म्हणून आधीच सांगते : नवीन होते.

"मैडम, आप ही ने अर्ज दिया था न?" तरुण इंजिनिअर साहेब पंचनाम्याचा कागद काढत म्हणाले. "बताइए, क्या आपत्ति है?"

सरोजिनीबाईंचे गाल फुगलेले होते. डोळे त्याहून.

"कोई आपत्ति नहीं?" साहेबांचा चेहरा उजळला. पेन टेकलं.

बाईंनी जोरजोरात मान हलवली. मग ताम्हन डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने कुंडमकडे बोट केलं, आणि पाची बोटं पसरून दाखवली.

साहेबांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि बेचाळीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवावर सांगून टाकलं, "मैडम कह रही हैं, पाँच मीटर चौड़ा कीजिए."

"अरे वाह! हम तो साढ़े तीन ही बना रहे थे."

सरोजिनीबाईंच्या गालांतलं पाणी हिंदकळलं. क्षणभर मला वाटलं, गिळतात आता. गिळलं असतं तर नदी वाचली असती आणि सासूबाईंपासून चालत आलेला नेम मोडला असता. न गिळावं तर नेम राहणार आणि नदी जाणार, मग पुढच्या वर्षी खडे आणायचे कुठून? बाईंनी गिळलं नाही. त्यांनी शाळेतली युक्ती काढली. मुलं ऐकत नसली की त्या फळ्याकडे वळत. इथे फळा मीच होते.

त्यांनी एक काठी उचलली आणि साहेबांना तिने खूण केली : बसा. तीस वर्षं ज्या खुणेवर पनागर बसलं, तिच्यावर साहेब वाळूत बसले.

मग त्यांनी मला माझ्यावरच काढायला घेतलं. आधी उत्तर दिशेचा बाण, त्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. मग कुंडम, साजाचं झाड. झाडाखाली म्हैस काढली. म्हैस मनासारखी आली नाही म्हणून पुसून परत काढली.

"ये हाथी है?" साहेबांनी विचारलं.

"भैंस है," भय्यासाहेब म्हणाले. या बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

मग टेकड्या. मग कातळ, आणि त्याला वळसा घालणारी मी. प्रत्येक ओढा कोणत्या बाजूने येतो ते सुद्धा. साहेबांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा काठी वर झाली. जीपचा ड्रायव्हर अंबादास नागपूरकडचा. तो बोनेटला टेकून हे बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "चाकं बसून राहिली."

"बाद में, अंबादास."

"नाही, म्हणजे मी काहून म्हणतो, खालून ओल येऊन राहिली."

"अरे, सड़क है, अंबादास! कागज में लिखा है!"

"हो जी. पण चाकाला वाचता येत नाही ना."

काठी पनागरपर्यंत आली होती. सरोजिनीबाईंनी तिथे एक उभी बाई काढली, गाल फुगलेली. शेजारी बसलेला एक साहेब काढला. आणि त्या थांबल्या. मागे वळून पाहायचं नव्हतं. पण तीस वर्षं ज्या बाईने मला शिकवलं तिला वळून पाहायची गरज काय? आधी वास आला. मग बारीक सळसळ. मग वळणावरून मी आले.

खरं सांगते, माझं येणं काही भव्य नव्हतं. बोटभर खोल, फेसाळ, पुढे सुकलेल्या पानांचा आणि शेणाचा ढिगारा ढकलत, हळूहळू, पाहुणी बाई पिशव्या सावरत यावी तशी. मी बाईंच्या दोन्ही घोट्यांना शिवले आणि नकाशावरच्या कुंडममध्ये शिरले. मग त्यांनी काढलेल्या रेघेतूनच चालत गेले. म्हैस बुडवली. कातळाला वळसा घातला. एक ओढा त्यांनी जरा उजवीकडे काढला होता, तिकडेही गेले. मोठ्यांचा मान राखावा. शेवटी काढलेल्या साहेबापाशी पोचले आणि लगेच बसलेल्या साहेबापाशी.

साहेब उठले तेव्हा बूट भिजले होते. त्यांनी मला पाहिलं. बाईंना पाहिलं. बाईंनी काठीने पंचनाम्याकडे खूण केली. साहेब भला मुलगा होता. जीप तोपर्यंत अर्ध्या चाकांपर्यंत रुतली होती, त्यामुळे जाण्याची घाई कोणालाच नव्हती. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं : "मौके पर नदी पाई गई." सही केली. खाली साक्षीदार म्हणून अंबादासने केली. भय्यासाहेबांनी घंटा वाजवली.

लेल्यांचं घर माझ्यापासून तीन शेतं लांब आहे. तरी थोड्या वेळाने मला तिकडून सरोजिनीबाईंचं पहिलं वाक्य स्वच्छ ऐकू आलं :

"पाच मिनिटं थांबवा म्हटलं होतं मी! मीटर काय, मीटर!"

फाइल तेवढ्यावर संपली नाही, फाइली तशा संपत नसतात. महिन्याभराने माझ्या नावावर एक नोटीस आली. सरकारी रस्त्यावर नदीने अतिक्रमण केल्याचे आढळले असून तिने सात दिवसांत जागा मोकळी करावी. अंबादासने ती पुलाच्या कठड्याला चिकटवली आणि दोनदा नमस्कार केला, एकदा नोटिशीला, एकदा मला. सरोजिनीबाईंनी तिला उत्तर दिलं, आठ पानी, सोबत नकाशा, वर उत्तर दिशेचा बाण. शेवटी साहेबांचा पंचनामा वर आला. आता माझ्या नावापुढे "नदी, हंगामी" असं लिहिलंय, आणि काँक्रीट काठावरून गेलं, पाच मीटर रुंद. ते मात्र भय्यासाहेबांच्या खात्यावर. उड्डाणपूल परत नुसता पूल झाला आणि आता बोलायला लागलाय.

आणि हो, त्याच गौरींच्या तिसऱ्या दिवशी, नोटिशीच्या कितीतरी आधी, सरोजिनीबाई आल्या होत्या आणि पाचही खडे ज्या जागचे त्या जागी सोडून गेल्या. आम्हा दोघींत एवढाच व्यवहार आहे. नेलेलं परत आणायचं, आणि न्यायला पुढच्या वर्षी परत यायचं.

तर मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही अशी एखादी कोरडी वाळूची वाट असेल. तिच्यावर ट्रॅक्टर चालवा, क्रिकेट खेळा, माझी हरकत नाही, तोंडीही नाही. फक्त तिच्यावर काही पक्कं करायच्या आधी खाली वाका आणि हातभर उकरून पाहा. घाई करू नका, आम्हाला दाराशी यायला थोडा वेळ लागतो.

पण आम्ही घरीच असतो.