टाकी कोरडी पडली ते गाणं

शेलूबाजारच्या स्टँडवर मोहनसिंगला लोक 'जनरेटरसाहेब' म्हणत, आणि ते काही मानानं नव्हे. डिझेल इंजिन दुरुस्त करण्यात माणूस एक नंबर. पण हातात चहा आला की गाडी आफ्रिकेला निघालीच म्हणून समजा. पंधरा वर्षांपूर्वी हा एका कंत्राटदाराकडे तिकडे कामाला होता, तेव्हा तिथला एक देश नुकताच स्वतंत्र झाला होता. त्या आनंदात तिथल्या मोठ्या पॉप गायिकेनं मैदानावर कार्यक्रम केला, चाळीस हजार माणूस लोटलं, आणि तो सगळा झगमगाट म्हणे याच्या एकट्याच्या जनरेटरवर चालला. लोक गालात हसायचे. कुणी म्हणायचं, साहेब, आमच्या गल्लीतही लाईट नाही, तेवढं जरा पाहा.

बापाची ही टिंगल रेणूला फार झोंबायची. वाशिमला कॉलेजात शिकणारी पोरगी ती. तिनं शोधशोध करून त्या कार्यक्रमाचा अल्बम मोबाईलवर मिळवला आणि रविवारी दुपारी तांड्यावरच्या घरी, आई धनीबाई डाळ पाखडत बसली होती तिथंच लावला. मोहनसिंगचा चेहरा उतरला. खरी गोष्ट त्यानं कधी सांगितलीच नव्हती. चौथ्या गाण्याच्या आधी त्याला टाकी भरायची होती. एवढं एक गाणं ऐकू म्हणून हा स्टेजकडे गेला आणि इकडे टाकी कोरडी पडली, पाईपात हवा शिरून इंजिन बंद पडलं, मैदानभर अंधार. दुसऱ्याच दिवशी कंत्राटदारानं त्याला घरी धाडलं. आल्यावर त्यानं सांगितलं, काम संपलं. आता बायको-पोरीसमोर सगळं उघडं पडणार होतं.

"बस झालं रेणू, बंद कर."

"काहून बाबा? आता तर मजा येऊन राह्यली."

चौथं गाणं लागलं. अर्ध्यातच ढोल, गिटार, गायिकेचा आवाज, सगळं गचकन थांबलं. रेकॉर्डिंगची गाडी बॅटरीवर होती, ती तेवढी चालू राहिली होती. मोहनसिंगनं मान खाली घातली.

जरा वेळ काहीच नाही. मग कुण्या म्हातारीनं ती ओळ उचलली, तिच्यामागून आणखी दहाजणांनी, आणि बघता बघता सगळं मैदान गाऊ लागलं. ना माईक, ना बाजा. त्या वेळी हा बापडा जनरेटरखाली पालथा पडून, इंजिनाला शिव्या घालत पाईपातली हवा काढत होता. कानावर आला तो गलका त्याला चिडलेल्या लोकांचा वाटला; गाणं म्हणून त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. पंधरा वर्षांनी तो ते पहिल्यांदा ऐकत होता.

बाजा परत सुरू व्हायच्या आधी गायिका इंग्रजीत काहीतरी बोलली. रेणूनं अर्थ सांगितला: ज्यानं दिवे घालवले त्याचे आभार मानते ती, म्हणते, इतकी वर्षं दुसऱ्यांचेच आवाज ऐकले, आज आपला ऐकला.

मोहनसिंगला राहवलं नाही.

"तो मीच होतो. टाकी भराची इसरलो. म्हणून हाकललं मले."

धनीबाईच्या हातातलं सूप थांबलं. आता ही काय बोलते, म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला.

"म्हणून आल्यावर वर्षभर घरात रेडिओ लावू देल्ला नाही तुमी?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

धनीबाई पुन्हा पाखडू लागली. पाखडता पाखडताच तिनं पोरीला सांगितलं,

"रेणू, पुन्हा लाव. पयल्यापासून नको. तुह्या बापानं बंद पाडलं ना, तिथून लाव."