मोटेची विहीर पहिल्या पानावर

अनुपमाताईंचं पुण्यातल्या कुणाशी वैर आहे, असं सांगितलं असतं तर अकोल्यात कुणाचा विश्वास बसला नसता. बाई शांत. वकील वामनरावांच्या घरात नांदताना शेजारणीशीही कधी चढा आवाज नाही. पण एका दिवाळीपासून रोज सकाळी चहा टाकायच्या आधी त्या फोनवर 'रुखवत विहीर' एवढे दोन शब्द टाकत. पुण्याची ती साइट सगळ्यात वर दिसली की फोन ओट्यावर पालथा पडे आणि त्या दिवशीच्या पोह्यांचं काही खरं नसे.

आता विहिरीचं वैर काय ते सांगायला हवं. लग्नात नवरीकडच्या बायका हातानं केलेल्या वस्तू मांडवात मांडतात, त्याला रुखवत म्हणतात. नवऱ्याकडच्या बायका ते कौतुकानं बघायला येतात आणि बघता बघता नवरीची परीक्षाही उरकून घेतात. अनुपमाताईंनी अशा रुखवतासाठी एक विहीर शोधून काढली होती. तेलाचा रिकामा डबा, त्याला आतून-बाहेरून चिकटवलेली बारीक खडी, शाडूचे दोन बैल, जुन्या पर्सच्या चामड्याची एवढीशी मोट. एक दोरा ओढला की बैल उतारावरून खाली जात, मोट भरून वर येई आणि खरं पाणी पाटातून गव्हाच्या अंकुरांत जाई. खेड्यांतल्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या होत्या. अशा वर्षांत वऱ्हाडात हमखास पाणी असलेली विहीर ही एवढीच, असं वामनराव म्हणत. पण वामनरावांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायची सवयच होती.

विहिरीला अमरावतीच्या एका महिला मंडळाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव होतं 'सौ. वामनराव'. बाईंना ते लागलं. भांडल्या नाहीत, पण लागलं. मग त्यांनी ब्लॉग काढला आणि त्याला ठसठशीत नाव दिलं, 'अनुपमाचं रुखवत'. विहिरीची कृती त्यावर जीव ओतून लिहिली. पुढे वर्षभरात पुण्याच्या एका साइटनं ती कृती फोटोसकट उचलली, खाली तिसऱ्याच बाईचं नाव घातलं आणि गूगलवर पहिल्या पानावर जाऊन बसली. अनुपमाताईंचा ब्लॉग कितव्या पानावर होता ते शोधायला कुणी गेलंच नाही, कारण तितक्या पानांपर्यंत कुणी जात नाही. वर, त्यांच्याच ब्लॉगवर एका भगिनीनं लिहिलं, 'ताई, पुण्याच्या साइटवरून ढापताना निदान नाव तरी द्यायचं.' त्या दिवशी घरात पोहे झालेच नाहीत.

"नोटीस पाठव," वामनराव म्हणाले. "विहिरीवरून आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. तुझाही चालेल."

बाईंना दावा नको होता. त्यांना फक्त त्या दोन शब्दांवर आपलं नाव वर हवं होतं. त्यासाठी त्या दानिशकडे गेल्या. दानिशचं बसस्टँडजवळ लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि लग्नसराई नसली की तो लोकांच्या साइटी वर आणून द्यायचा. त्यानं ब्लॉग उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि डोकं खाजवलं.

"काकू, लिवता तुमी एक नंबर," तो म्हणाला. "पन हे काय नाव दिलं? 'आठवणींच्या काठावर'. हे कोन शोधते?"

"विहिरीवरचा लेख आहे तो."

"तुमाले मालूम हाये. गूगलले नाई मालूम. गूगल सीधासादा मानूस हाये काकू, त्याले जे पायजे ते सामने ठेवा लागते. लिवा, 'रुखवत विहीर कशी बनवावी, सोपी कृती'. बस."

बाईंनी लिहिलं. जड अंतःकरणानं लिहिलं, पण लिहिलं. मग दानिशनं फोटोंची नावं बदलली आणि फोटो हलके केले, म्हणजे खेड्यातल्या फोनवर पान चटकन उघडेल. मग त्याचं बोट पहिल्या तीन परिच्छेदांवर थांबलं. त्यात बाईंचं माहेर होतं, आजोळची मोट होती, पहाटेची मोटेची कुरकुर होती.

"हे काढा. पब्लिक इथूनच वापस जाते. डबा कोनता घ्या ते पयले सांगा."

आजोळ गेलं, डबा वर आला. त्यानंतर दानिश ब्लॉगच्या नावाशी आला, आणि इथं मात्र बाई अडून बसल्या.

"हे राहू दे. माझं नाव दिसावं म्हणून तर सगळं चाललंय."

"काकू, तुमचं नाव कोन शोधते?" दानिश हे अगदी आदरानं म्हणाला. "तुमचं नाव ज्याले मालूम हाये, त्याले गूगलची गरजच काय? तुमी पयले वर तर या. नाव काय, खाली कुठंबी टाकता येते."

त्यात खोट काढायला जागा नव्हती. नाव वर यावं म्हणून नाव खाली गेलं. ब्लॉग झाला 'रुखवत सोपी कृती', आणि पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'लेखन : अनुपमा'. घरी येईपर्यंत बाईंनी स्वतःची समजूत घातली की ही तात्पुरती सोय आहे. बाहेरच्या पाहुण्याला दिवाणखान्यात झोपवून आपण स्वयंपाकघरात पथारी टाकावी, तशी.

शेवटचा उपाय दानिशचा खास होता. त्यानं गावांच्या नावांची पानं केली. 'तिवसा येथे रुखवत', 'परतवाडा येथे रुखवत', 'हिवरखेड येथे रुखवत'. मजकूर सगळीकडे तोच, गाव तेवढं वेगळं, आणि खाली अनुपमाताईंचा फोन नंबर.

"पण मी तर हिवरखेडला कधी गेले नाही," बाई म्हणाल्या.

"गूगल बी कुठं गेला?" दानिश म्हणाला.

महिन्याभरात विहीर वर चढली. त्याच सुमारास फुकटचा डेटा गावोगाव पोचला होता. पोरींच्या हातात फोन आले होते आणि लग्नसराई तोंडावर होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी बाईंनी दोन शब्द टाकले आणि पुणं खाली गेलेलं पाहिलं. त्यांनी चहा टाकलाच नाही, सरळ शिरा केला. वामनरावांनी शिरा खाल्ला, फोन पाहिला आणि विचारलं, "यात तू कुठं आहेस?" बाईंनी खाली, आणखी खाली, अगदी तळापर्यंत नेऊन दाखवलं. "अपिलात जिंकली म्हणायची," वामनराव म्हणाले आणि कोर्टात गेले.

आता फोन येऊ लागले, प्रतिक्रिया येऊ लागल्या. त्यात विहिरीसाठी सरकारी अनुदान शोधणारे कास्तकारही वाट चुकून येत. त्यांतल्या एकानं विचारलं होतं, 'मॅडम, पाणी किती फुटावर लागलं?' बाईंना हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. 

मग एप्रिलात हिवरखेडहून नत्थुजींचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, कांचनचं लग्न ठरलं होतं.

"बाई, तुमचं दुकान हिवरखेडात कोन्या बाजूनं हाये? म्या सारं गाव पायलं."

"दुकान नाही हो. मी अकोल्याला असते."

"मंग त्याच्यात हिवरखेड काहून लिवलं?"

 अनुपमाताई "हो, ते..." एवढंच म्हणाल्या. नत्थुजींना त्यांची दया आली असावी.

"असू द्या. आमची कांचन पाहून पाहून करून राह्यली तुमची विहीर. तुमी असं करा, लग्नाले या. मंजे तुमी लिवलं ते खरं होईन."

'तुमची विहीर.' एवढ्या दिवसांत हे दोन शब्द बाईंना कुणी म्हटले नव्हते. त्या जाणार हे तेव्हाच ठरलं.

लग्नाच्या दिवशी हिवरखेडच्या मांडवात त्या पोचल्या तेव्हा नत्थुजी मांडवात नव्हते. त्या वर्षी तूर उदंड झाली होती आणि उदंड झाली म्हणूनच तिला कुणी विचारत नव्हतं. नत्थुजींची तूर कित्येक दिवस खरेदी केंद्रावर रांगेत पडून होती आणि मापाचा नंबर नेमका आज लागला होता. नंबर सोडला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. पोरीचा बाप अक्षतांपर्यंत येतो म्हणून सांगून पोत्यांवर बसला होता, आणि मांडवात अनुपमाताईंना ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

"कोनाकडच्या तुमी?" कांचनच्या मावशीनं, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नत्थुजींनी बोलावलंय. अकोल्याहून आले, रुखवत बघायला."

"मंग पाहा नं, हे काय."

रुखवत दोन टेबलांवर मांडलं होतं. क्रोशाचे रुमाल, सुपारीचे नवरा-नवरी, पापडांचा मनोरा आणि मधोमध विहीर. पुढं कार्ड उभं केलेलं, 'मोटेची विहीर. चि. सौ. कां. कांचन हिच्या हातची'. अनुपमाताईंनी दोरा ओढला. बैल खाली गेले, मोट वर आली, पाणी पाटातून अंकुरांत गेलं. बाईंनी दोरा पुन्हा एकदा ओढला. आपल्या डोक्यातली वस्तू कधी न पाहिलेल्या गावात, कधी न पाहिलेल्या पोरीच्या हातून अशी चालताना पाहणं, हे काही लहान सुख नव्हे.

तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका आल्या. त्यांच्या पुढं नवऱ्याची आत्या, तिवस्याच्या पार्बताबाई. त्यांनी रुमाल उलटे करून टाके पाहिले, मनोरा पाहिला आणि विहिरीपाशी येऊन थांबल्या.

"हे विकतचं हाये," त्या म्हणाल्या.

हळदीच्या अंगानं बसलेली कांचन उठून उभी राहिली. "नाई वो आत्याबाई. म्या केली. डब्याले खडी लावता लावता बोटं सोलली माह्यी."

"मंग सारीकडे सारखीच कशी? तिवस्याले पायली ते हेच, परतवाड्याले पायली ते बी हेच. तोच डबा, तेच बैल. कोनाच्या हातचं एवढं सारखं असते?"

"गूगलवरून केली वो," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"गूगलवरून मागोली, असं म्हना. आजकाल घरपोच येते सारं." पार्बताबाईंनी कार्ड उचललं. "अन् वरून हातची म्हून लिवलं. रुखवतातच खोटं, तं पुढं काय?"

कांचनचा चेहरा पडला.  अनुपमाताईंना वाटलं, हे सगळं आपल्याला एका वाक्यात सोडवता येईल. ते वाक्य तर त्या पुण्याला उद्देशून कित्येक महिने ओट्यापाशी म्हणत आल्या होत्या. त्या पुढं झाल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती सगळीकडे सारखी आहे, कारण ती मी बनवली. ही विहीर माझी आहे."

पार्बताबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सगळ्या बायकांकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "घ्या. बनोनारीच बाई सांगून राह्यली आता."

"नाही, तसं नाही. म्हणजे बनवली हिनंच, पण कृती माझी..."

"कार्डावर तं तुमचं नाव नाई."

"नाही, पण..."

"मंग एक तं हे कार्ड खोटं, नाई तं तुमी खोट्या."

अनुपमाताई जितकं समजावू लागल्या तितकी विहीर कांचनच्या हातून जात राहिली. मनकर्णाबाई पुटपुटल्या, "कोनं बोलावलं वो हिले?" कांचन बाईंकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ही बाई कोण आणि आपण हिचं काय बिघडवलं, एवढंच तिला कळत नव्हतं. बाईंना तो राग परवडला असता.

त्यांनी फोन काढला.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "माझी म्हणजे, मीही घरी अशीच केली होती, म्हणून तोंडातून गेलं. हे बघा, गूगलवर सगळ्यांसाठी कृती टाकलेली आहे. विकत ही कुठंच मिळत नाही. आता तुम्हीच ताडून पाहा."

त्यांनी दोन शब्द टाकले. पहिल्याच जागेवर पान आलं, चटकन उघडलं. पार्बताबाईंनी चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचून विहिरीशी ताडून पाहायला सुरुवात केली. तेलाचा डबा. पाणी न सांडता डबा उचलून खालून पाहिला, तळाला तेलाच्या कंपनीचा छाप होता. खडी. पर्सचं चामडं. मग त्यांनी एक बैल उचलला. त्याचा मागचा पाय मोडला होता आणि तिथं आगपेटीची काडी बसवून वरून माती लिंपली होती.

"दुकानातला असता तं बैल तरी धड असता," पार्बताबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. त्यांच्यामागून सगळ्या हसल्या. कांचनही हसली, डोळे पुसत. कार्ड पुन्हा आपल्या जागी उभं राहिलं.

"चांगलं लिवलं हाये पन," पार्बताबाई म्हणाल्या. "माह्या पुतनीच्या लग्नाले कामी येईन. कोन बाई हाये हे?" आणि त्यांचं बोट पान खाली, आणखी खाली सरकवू लागलं.

अनुपमाताईंनी फोन हलकेच त्यांच्या हातातून काढून घेतला.

"त्यात काय पाहायचं," त्या म्हणाल्या. "असतं असंच कुणाचं तरी."